शंकु, भुज आणि कोटि : जुन्या ज्योतिषपत्रांचा एक उपयोग

गोदातीरावरील जुन्या शास्त्री-जोशी घराण्यांचीं दप्तरें उलगडूं लागलें म्हणजे सनदा, निवाडापत्रें, वंशावळी आणि काव्यनाटकांच्या पोथ्या यांच्या जोडीला आंकड्यांनीं भरलेलीं सुटीं पानें हटकून निघतात. त्यांवर ग्रंथाचें नांव नसतें, लेखकाचें नसतें, शकही बहुधा नसतो. तीन-चार उभ्या ओळींत आंकडे मांडलेले असतात, आणि वरती कोठें ‘शं’, ‘भु’, ‘को’ अशीं अक्षरें असतात. संग्राहक अशीं पानें ‘ज्योतिष, किरकोळ, अपूर्ण’ या सदराखालीं बांधून ठेवतो, आणि पुष्कळदां तेवढेंही करीत नाहीं. वस्तुतः त्या तीन अक्षरांखालच्या आंकड्यांत तें पान कोणत्या अक्षांशावर तयार झालें, वर्षांतील कोणत्या सुमाराचें आहे, आणि कर्ता कोणत्या सिद्धांताच्या परंपरेंतला होता, हीं तिन्ही उत्तरें दडलेलीं असतात. तीं काढण्याची रीत कठीण नाहीं. तिच्यासाठीं एक भूमितीचा प्रश्न मात्र नीट समजला पाहिजे. तो असा कीं, अवकाशांत तिरकस असलेल्या एका सरळ रेषेचे परस्परांस लंब असलेल्या तीन पातळ्यांशीं होणारे कोन म्हणजे काय, आणि ते कसे काढावे.

प्रथम रेषा व पातळी यांच्यामधील कोन म्हणजे काय, तें पाहूं. दोन रेषांमधील कोन सर्वांस परिचित आहे. परंतु पातळींत एका बिंदूंतून असंख्य रेषा निघतात. त्यांपैकीं कोणत्या रेषेशीं कोन मोजावयाचा? उत्तर असें : तिरकस रेषेवरील कोणत्याही बिंदूपासून पातळीवर लंब टाकावा. लंबाचें मूळ आणि रेषा पातळीस जेथें मिळते तो बिंदु यांस जोडणारी रेषा काढावी. ही जोडरेषा आणि मूळची तिरकस रेषा यांमधील कोन तोच रेषा व पातळी यांचा कोन होय. त्या बिंदूंतून पातळींत काढलेल्या इतर कोणत्याही रेषेशीं होणारा कोन याहून लहान असूं शकत नाहीं. जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटानें नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडाच्या ग्रंथाचें जें ‘रेखागणित’ संस्कृतांत आणलें, त्याच्या अकराव्या अध्यायांत हाच विषय येतो. मुंबई संस्कृत मालेंत १९०१ व १९०२ सालीं तो ग्रंथ दोन भागांत छापला गेला आहे. या व्याख्येंतून लगेच निघणारी गोष्ट ही कीं, तिरकस रेषेची लांबी त्रिज्या मानली तर टाकलेल्या लंबाची लांबी हीच त्या कोनाची ज्या असते. लंब मोजला कीं कोन हातीं आला.

आतां हें आपल्या सिद्धांतग्रंथांतील मांडणीशीं ताडून पाहावें. नाशकास गोदेच्या कांठीं सपाट जागीं आपण उभे आहों आणि सूर्य आकाशांत कोठें तरी आहे, अशी कल्पना करा. आपल्यापासून सूर्याकडे जाणारी रेषा ही आपली तिरकस रेषा. तीन पातळ्या कोणत्या? पहिली क्षितिजाची, म्हणजे पायाखालची जमीन. दुसरी सममंडलाची, म्हणजे पूर्व, खस्वस्तिक आणि पश्चिम यांतून जाणारी उभी पातळी. तिसरी याम्योत्तराची, म्हणजे दक्षिण, खस्वस्तिक आणि उत्तर यांतून जाणारी उभी पातळी. या तिन्ही परस्परांस लंब आहेत. सूर्यबिंबाच्या मध्यापासून क्षितिजावर टाकलेला लंब तो शंकु. सममंडलाच्या पातळीवर टाकलेला लंब तो भुज; कोणी त्यास बाहु म्हणतात. याम्योत्तराच्या पातळीवर टाकलेला लंब ती कोटि. जमिनीवर पाहिलें तर शंकूच्या मुळापासून पूर्वापरसूत्रापर्यंतचें दक्षिणोत्तर अंतर म्हणजे भुज, आणि दक्षिणोत्तरसूत्रापर्यंतचें पूर्वपश्चिम अंतर म्हणजे कोटि. हीं नांवें त्रिप्रश्नाधिकारांतलीं आहेत. दिशा, देश आणि काल हे ते तीन प्रश्न, आणि जवळजवळ प्रत्येक सिद्धांतग्रंथांत त्यांस स्वतंत्र अधिकार दिलेला असतो.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. ‘भुज’ आणि ‘कोटि’ हे शब्द ग्रहगणितांत केंद्राच्या संबंधानेंही येतात, आणि काटकोनत्रिकोणाच्या बाजूंसही तींच नांवें आहेत. सुट्या पानावरील ‘भु’ कोणत्या अर्थाचा हें शेजारीं ‘शं’ आहे कीं नाहीं यावरून ठरवावें. शंकु जवळ नसेल तर तें पान बहुधा ग्रहस्पष्टीचें आहे असें समजून पुढील सर्व गणित सोडून द्यावें.

शंकु, भुज व कोटि यांचा परस्परसंबंध फार सोपा आहे. शंकूचें मूळ आणि आपण यांमधील जमिनीवरील अंतर म्हणजे दृग्ज्या. दृग्ज्येचा वर्ग आणि शंकूचा वर्ग मिळून त्रिज्येचा वर्ग होतो. तसेंच भुजाचा वर्ग आणि कोटीचा वर्ग मिळून दृग्ज्येचा वर्ग होतो. तेव्हां तिहींचे वर्ग मिळवले असतां त्रिज्येचा वर्ग आला पाहिजे. आधुनिक भाषेंत हेंच असें सांगतात कीं, कोणत्याही रेषेनें तीन परस्परलंब पातळ्यांशीं केलेल्या कोनांच्या ज्यांचे वर्ग मिळून एक होतो. त्याच कोनांच्या कोटिज्यांचे वर्ग मिळवले तर दोन होतात. येथें उगीच अभिमानाची भाषा नको. आपल्या ग्रंथकारांनीं उन्नतांश सोडून बाकीच्या दोन कोनांस चापाचें रूप देऊन त्यांस निराळें नांव ठेवलें असें नव्हे. त्यांचें काम ज्यांवरच भागत होतें. परंतु ज्या हातांत असली म्हणजे चाप हा केवळ कोष्टक पाहण्याचा प्रश्न उरतो, आणि आज खिशांतल्या गणकयंत्रानें तोही उरत नाहीं.

या तीन कोनांची बेरीज ठराविक असते असा समज कांहीं विद्यार्थ्यांत आढळतो, कारण त्रिकोणाच्या कोनांची संवय झालेली असते. ती ठराविक नसते. रेषा तिहींपैकीं एखाद्या पातळींतच पडली असेल तर बेरीज बरोबर ९० अंश होते. एरवीं ती ९० हून अधिक असते. आणि तिन्ही कोन सारखे असतील तेव्हां ती सर्वांत मोठी, म्हणजे १०५ अंश ४८ कला होते. त्या वेळीं प्रत्येक कोन ३५ अंश १६ कला असतो. घनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या कर्णाची हीच स्थिति आहे. नाशकास सूर्यकिरण खरोखर या स्थितींत येतो, ही गोष्ट कौतुकाची आहे. २२ नोव्हेंबर व २० जानेवारी यांच्या सुमारास, सूर्याची दक्षिण क्रांति वीस अंशांहून किंचित् अधिक असतांना, मध्यान्हापूर्वीं सुमारें ६ घटिका २० पळें आणि मध्यान्हानंतर तितक्याच वेळानें, बारा अंगुलांच्या शंकूची छाया उत्तरेकडे १२ अंगुलें आणि पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे १२ अंगुलें पडते. ज्यांस हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, नाशिकचें रेखांश सुमारें ७३ अंश ४७ कला असल्यामुळें येथील स्थानिक मध्यम मध्यान्ह घड्याळांत १२ वाजून सुमारें ३५ मिनिटांनीं होतें, आणि त्यांतही वेळेच्या समीकरणाची मिनिटें कमीजास्त करावीं लागतात.

आतां गणित. नाशिकचा अक्षांश २० अंश धरण्यास हरकत नाहीं. विषुवदिनीं मध्यान्हीं बारा अंगुलांच्या शंकूची जी छाया पडते ती पलभा. नाशिकची पलभा ४ अंगुलें २२ व्यंगुलें येते, आणि पलकर्ण १२ अंगुलें ४६ व्यंगुलें. (व्यंगुल म्हणजे अंगुलाचा साठावा भाग, अंगुल हें येथें शंकूचा बारावा हिस्सा होय, बोटाच्या रुंदीशीं त्याचा संबंध नाहीं.) नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ चा आरंभ धरून रचलेल्या ग्रहलाघवांत ज्या वापरल्याच नाहींत. तो पलभेच्या पांचपटींतून पलभेच्या वर्गाचा दहावा भाग वजा करून अक्षांश काढावयास सांगतो. नाशिकच्या पलभेस ही रीत लावली तर १९ अंश ५६ कला येतात. म्हणजे चूक अवघी चार कलांची. पलभेस दहा, आठ आणि दहा-तृतीयांश यांनीं गुणून तो चरखंडें काढतो. नाशिकचीं तीं सुमारें ४४, ३५ आणि १५ पळें होतात. महाराष्ट्रांतील जोशांच्या दप्तरांत अशीं तीन चरखंडें एका ओळींत लिहिलेलीं सांपडलीं तर पहिल्यास दहानें भागावें. पलभा लगेच मिळते.

विषुवदिनाचें एक उदाहरण घेऊं, कारण त्या दिवशीं गणित सर्वांत मोकळें असतें. मध्यान्हापूर्वीं साडेसात घटिका, म्हणजे नतांश ४५. त्रिज्या ३४३८ धरली तर शंकु २२८४, भुज ८३१ दक्षिण आणि कोटि २४३१ येते. वर्गांची बेरीज केली असतां ११८१६९७८ होते, आणि त्रिज्येचा वर्ग ११८१९८४४ आहे. अंतर अपूर्णांक सोडल्यामुळें पडलें आहे, मूळ काढल्यास तें अर्ध्या कलेहूनही कमी भरतें. ज्यांवरून चाप काढले असतां किरणाचा क्षितिजाशीं कोन ४१ अंश ३८ कला, सममंडलाच्या पातळीशीं १४ अंश, आणि याम्योत्तराच्या पातळीशीं ४५ अंश येतो. त्या वेळची छाया १३ अंगुलें ३० व्यंगुलें असून तिचा उत्तरेकडील भाग ४ अंगुलें २२ व्यंगुलें, म्हणजे नेमकी पलभा, आणि पश्चिमेकडील भाग १२ अंगुलें ४६ व्यंगुलें भरतो. विषुवदिनीं छायेचें टोंक दिवसभर पूर्वापर रेषेस समांतर अशा एकाच सरळ रेषेवरून सरकतें, तें याच कारणानें.

येथें नेहमीं होणारी गफलत सांगून टाकतों. छाया जमिनीवर पूर्वापरसूत्राशीं जो कोन करते तो या उदाहरणांत १८ अंश ५३ कला आहे. पुष्कळ वाचक हाच किरणाचा सममंडलाशीं कोन समजतात. तसें नाहीं. छायेचा कोन हा जमिनीवरील दोन रेषांमधला कोन आहे. किरण जमिनीवर नसून वर उचललेला आहे, आणि तो जितका वर उचलला जाईल तितका त्याचा कोणत्याही उभ्या पातळीशीं कोन छायेच्या कोनाहून लहान होत जातो. छायेच्या कोनाची ज्या उन्नतांशांच्या कोटिज्येनें गुणून त्रिज्येनें भागली म्हणजे खरा भुज निघतो. जयपूर किंवा उज्जयिनी येथील वेधशाळेंतील दिगंशयंत्रानें मिळणारा कोन पहिल्या जातीचा आहे. भुजाचें चाप दुसऱ्या जातीचें. जुन्या पानांचें वाचन करतांना दिगंशाचे अंश आणि भुजाचे अंश एकमेकांत मिसळले कीं पुढचें सर्व गणित फसतें.

दुसरी गफलत नतांशाविषयीं आहे. वरील उदाहरणांत याम्योत्तराशीं कोन ४५ अंश, आणि नतांशही ४५ आले. हें फक्त क्रांति शून्य असतां खरें. एरवीं कोटि ही नतांशांची ज्या नसून ती ज्या आणि क्रांतीची कोटिज्या, म्हणजे द्युज्या, यांच्या गुणाकारास त्रिज्येनें भागून मिळते.

आतां ज्या दिवशीं क्रांति शून्य नाहीं त्याचें गणित. सूर्य उगवतांना पूर्वबिंदूपासून जितका उत्तरेस किंवा दक्षिणेस असतो, त्या अंतराची ज्या म्हणजे अग्रा. शंकूस पलभेनें गुणून बारानें भागलें म्हणजे शंकुतल मिळतें, आणि आपल्या अक्षांशांवर तें सदैव दक्षिणेस असतें. क्रांति दक्षिण असेल तर शंकुतल व अग्रा यांची बेरीज, आणि उत्तर असेल तर वजाबाकी, हा भुज. उत्तरक्रांतींत अग्रा मोठी निघाली तर भुज उत्तरेस जातो, म्हणजे सूर्य सममंडलाच्या उत्तरेस असतो. ज्या क्षणीं दोन्ही सारखीं होतात, त्या क्षणीं भुज शून्य, तो समशंकु. भुज आणि कोटि सारखीं होतात तो कोणशंकु. नाशकास विषुवदिनीं मध्यान्हापूर्वीं आणि नंतर सुमारें ३ घटिका ९ पळांवर कोणशंकु होतो, व तेव्हां छाया ६ अंगुलें ११ व्यंगुलें असते. सूर्य सममंडलांत दिवसा येण्यास क्रांति उत्तर आणि अक्षांशांहून कमी हवी. आणि नाशकास क्रांति अक्षांशांइतकी, म्हणजे २० अंश, २० मे व २३ जुलै यांच्या सुमारास होते. त्या दिवशीं मध्यान्हीं शंकूची छाया नाहींशी होते. ग्रंथांत समशंकु व कोणशंकु यांसाठीं स्वतंत्र रीती विस्तारानें दिलेल्या असतात, आणि नवख्या वाचकास त्या निरनिराळ्या विद्या वाटतात. एकाच रेषेच्या तीन पातळ्यांशीं होणाऱ्या कोनांचीं तीं विशेष रूपें आहेत, इतकें कळलें कीं भास्कराचार्यांचा गणिताध्याय पुष्कळच सुगम होतो.

भुज काढण्याचा हा नियमच संग्राहकाच्या उपयोगाचा आहे. त्यांत दोन गोष्टी अज्ञात आहेत, पलभा आणि अग्रा, आणि एका दिवसांत त्या दोन्ही बदलत नाहींत असें धरण्यास व्यवहारांत हरकत नाहीं. तेव्हां एकाच दिवसाच्या दोन ओळी पानावर वाचतां आल्या कीं दोन्ही अज्ञातें निघतात. एक नमुना घेऊं. हे आंकडे कोणत्याही पोथींतले नाहींत, येथील अक्षांशावरून गणितानें सिद्ध केलेले आहेत. पण पानावर ते असेच दिसतील. पहिली ओळ : शंकु २९८१, भुज ३२४ दक्षिण, कोटि १६८१. दुसरी ओळ : शंकु १८२५, भुज ९७ उत्तर, कोटि २९१२. गांव नाहीं, तिथि नाहीं, ग्रंथाचें नांव नाहीं.

प्रथम प्रत्येक ओळीचे वर्ग मिळवावे. पहिल्या ओळीची बेरीज ११८१७०९८, दुसरीची ११८१९७७८. दोहोंचीं मूळें ३४३८ च्या आंत अर्ध्या कलेइतकींच कमी आहेत. म्हणजे कर्त्याची त्रिज्या ३४३८. सूर्यसिद्धांत, आर्यभट आणि भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणि यांची त्रिज्या हीच आहे. मूळ ३२७० च्या जवळ आलें असतें तर ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांताकडे दृष्टि वळवावी लागली असती. १२० आलें असतें तर भास्कराचार्यांच्याच करणकुतूहलासारख्या करणग्रंथाकडे. आणि ६० आलें असतें तर कमलाकराच्या सिद्धांततत्त्वविवेकाकडे. हा कमलाकर गोदेच्या कांठच्या गोलग्रामच्या घराण्यांतला, व त्यानें शके १५८० मध्यें काशीस ग्रंथ रचला. त्यामुळें साठ त्रिज्येचीं पानें आपल्याकडे सांपडलीं तर त्यांचा काशीशीं संबंध शोधणें योग्य होईल. केवळ एका बेरजेनें पानाचें कूळ कळतें, हा लाभ लहान नव्हे.

मग पलभा. दोन भुज एक दक्षिण व एक उत्तर असल्यामुळें त्यांचें अंतर म्हणजे बेरीज, ४२१. शंकूंचें अंतर ११५६. पहिल्यास बारानें गुणून दुसऱ्यानें भागावें. येतात ४ अंगुलें २२ व्यंगुलें. अक्षांश २० चा सुमार ठरला. आतां दुसऱ्या ओळीच्या शंकूस ४२१ नें गुणून ११५६ नें भागलें तर शंकुतल ६६५ येतें. त्यांत उत्तर भुज ९७ मिळवला कीं अग्रा ७६२ उत्तर. अग्रेस बारानें गुणून पलकर्णानें भागावें, क्रांतिज्या सुमारें ७१६ मिळते, आणि तिचें चाप १२ अंश उत्तर. सूर्याची उत्तर क्रांति १२ अंश वर्षांत दोनदां होते, २१ एप्रिलच्या सुमारास आणि २१ ऑगस्टच्या सुमारास. सायन रवि वृषभारंभीं किंवा सिंहाच्या अखेरीस. दोहोंपैकीं कोणता दिवस तें आंकडे सांगूं शकत नाहींत. पानाच्या कोपऱ्यांत मासाचें अर्धें अक्षर जरी वाचतां आलें तरी तेवढ्यानें निर्णय होतो. जिज्ञासूंसाठीं सांगतों, पहिल्या ओळींतील किरणाचे क्षितिज, सममंडल व याम्योत्तर यांशीं कोन अनुक्रमें ६० अंश ८ कला, ५ अंश २५ कला आणि २९ अंश १७ कला आहेत.

वर्गांच्या बेरजेचा दुसरा उपयोग पाठशुद्धीचा. लेखकाच्या हातून २४३१ चे २३४१ झाले तर विषुवदिनाच्या ओळीचें मूळ ३४३८ ऐवजीं सुमारें ३३७४ येतें, आणि चूक कोणत्या ओळींत आहे तें ताबडतोब उघड होतें. कसरीनें खाल्लेला अंकही भरतां येतो. पहिल्या ओळींत कोटीचा दशकाचा अंक गेला असून ‘१६’ व शेवटचा ‘१’ एवढेंच दिसत आहे असें समजा. त्रिज्यावर्गांतून शंकु व भुज यांचे वर्ग वजा केले तर २८२८५०७ उरतात. मूळ १६८२ हून किंचित् कमी. तेव्हां गेलेला अंक आठच. परंतु हीच रीत लहान संख्येस लावूं नये. दुसऱ्या ओळींतील भुज ९७ खाल्ला गेला असता आणि शंकूंत एकाचा जरी फरक असता, तर भुज ७६ किंवा ११५ इतका भलताच निघाला असता. मोठ्या संख्येच्या वर्गांतील बारीक चूक लहान संख्येस गिळून टाकते. अशा ठिकाणीं भुज शंकुतल आणि अग्रा यांवरूनच काढावा, वर्गांवरून नव्हे.

पलभेवरून स्थलनिर्णय करतांना त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. या अक्षांशांवर पलभेंत एका व्यंगुलाचा फरक म्हणजे अक्षांशांत सुमारें ४ कला, आणि जमिनीवर दक्षिणोत्तर साडेसात ते आठ किलोमीटर. त्र्यंबकेश्वराची पलभा ४।२१ येते, नाशिकची ४।२२, या दोहोंत निवड करण्याचा आग्रह धरणें हास्यास्पद होईल. पैठणची ४।१५, चाळीसगांवची ४।२८, पुण्याची ४।१, उज्जयिनीची ५।८, यांस एकमेकांपासून ओळखण्यास अडचण नाहीं. चाळीसगांवचें नांव मुद्दाम घेतलें, कारण त्याजवळच्या पाटणास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठीं स्थापलेल्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख आहे. डॉक्टर भाऊ दाजी यांनीं तो उजेडांत आणला. त्या परिसरांतील जुन्या पानांवर ४।२८ च्या जवळची पलभा दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष होऊं नये.

शिवाय पलभा गणितानें काढलेली आहे कीं छाया मोजून, हाही प्रश्न असतो. सूर्य बिंदु नसून त्याचें बिंब अर्ध्या अंशाचें आहे. गडद छायेचें टोंक बिंबाच्या वरच्या कडेनें ठरतें, त्यामुळें मोजलेली छाया खऱ्या मध्यबिंदूच्या छायेपेक्षां आंखूड भरते, आणि नाशकास पलभा सुमारें चार व्यंगुलें कमी, म्हणजे ४।१८ च्या आसपास येऊं शकते. उलट परंपरेनें चालत आलेला आंकडा अधिकही असतो. काशीची पलभा आधुनिक अक्षांशावरून ५।४१ येते, पण करणग्रंथांच्या उदाहरणांत ५।४५ लिहिण्याचा प्रघात आहे. तेव्हां पानावरील पलभा आजच्या नकाशाशीं नव्हे, तर प्रथम त्या गांवच्या इतर जुन्या पानांशीं ताडावी.

आणि पलभेनें फक्त दक्षिणोत्तर स्थान कळतें. नाशिक, येवलें आणि वेरूळ हीं तिन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, व तिहींची पलभा व्यंगुलापर्यंत सारखीच निघेल. पूर्वपश्चिम भेद देशांतरावरून करावा लागतो. लंकेपासून उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा धरली तर नाशिक तिच्या पश्चिमेस सुमारें २० पळें, येवलें १३ पळें आणि वेरूळ ६ पळें आहे. म्हणून सुट्या पानावर शंकु-भुज-कोटि यांच्या ओळी असतील तर त्याच गाठोड्यांत ‘देशांतर’ किंवा नुसतें ‘दे’ आणि पुढें पळांचा एखादा लहान आंकडा कोठें आहे तें शोधावें, आणि तें पान त्याच हस्ताक्षराचें आहे कीं नाहीं याची खात्री करून दोन्ही पानें एकत्र बांधावीं.